लिहायचं, म्हणायचं नाही

पहाटे पाचला बोट धक्क्याला लागली
तेव्हा उजाडलेलंच होतं,
म्हणजे मावळलंच नव्हतं बहुधा.
दीड दिवस डुलणाऱ्या फळ्यांवर काढून
पाय आता दगडी धक्क्यालाही डुलवत होते.
पासपोर्ट बघणाऱ्या मुलीने जांभई दिली,
मग माफी मागितली, मग मलाही आली.
एवढ्यावर मी या देशात दाखल.

राजधानी म्हटल्यावर काहीतरी धरून आले होते मनात:
रुंद रस्ता, घोड्यावरचा कुणी पराक्रमी, निदान एक तोफ.
तोफ आहे, बंदरावरच्या जुन्या गढीत.
तिला एक मेंढी अंग घासत होती.

टोर्सहाव्हन.
एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला
कुणीतरी खिडकी लावून घेईल, एवढंसं.
सरकार बसतं ते लाल लाकडी घरांत
आणि घरांच्या छपरांवर गवत,
खरंखुरं, वाऱ्याने भांग पाडलेलं.
एकजण शिडी लावून वर चढला होता,
खात्याचं गवत कापत होता विळ्याने,
आणि खाली एक म्हातारा ते पोत्यात दाबून भरत होता,
पावती न देता, न मागता.
बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या रजा मंजूर केल्या,
असा कारभार पाहिला नाही.

तुरीचं घर चढावर.
तिच्या नावाच्या शेवटी एक अक्षर आहे,
डोक्यावर काट मारल्यासारखं.
ते लिहायचं, म्हणायचं नाही,
तिने दारातच सांगितलं,
हाताला माशाचे खवले तसेच.
मग लिहायचं कशाला?
"होतं कधीतरी," ती म्हणाली, "तोंडातून गेलं.
म्हणून काय कागदावरूनही हाकलायचं?"

आमच्याकडे हातावर तुरी देतात,
मी इंग्रजीत सांगायला घेतलं
आणि अर्ध्यात अडकले.
आधी डाळ समजावायची, मग पळून जाणारा माणूस,
मग या दोघांचा संबंध काय, तो मलाही ठाऊक नाही.
ती मात्र खदाखदा हसली,
डाळीला की माझ्या हातवाऱ्यांना, देव जाणे.

खोलीला पडदे होते, नावापुरते.
रात्री साडेअकराला समोरच्या अंगणात
एक बाई चादरी वाळत घालत होती,
तिचा मुलगा भिंतीवर चेंडू मारत होता,
ठप्प, ठप्प, आणि कुणी त्याला झोप म्हणत नव्हतं.
मी रात्रीची वाट बघत पडून राहिले.
ती आली असेल, नसेल.
हातावर तुरी देऊन गेली.

सकाळी आठची बोट, पलीकडच्या बेटावर.
तिथून पुढचं बेट, मग आणखी उत्तर.
वहीत ऑगस्टपर्यंतचे रकाने आखलेत,
लाल शाईने तिकिटं, निळीने मुक्काम,
आणि प्रत्येक रकान्यात "दोघी".
जानेवारीत आखली होती वही.
मालनचा हात धरून, म्हणजे तिनेच बहुतेक आखली,
माझ्या रेघा तिरक्या येतात.

सातला धुकं उतरलं.
आधी बंदर गेलं, मग शिडी, मग लाल घरं,
मग समोरच्या दोरीवरच्या चादरी एकेक करून.
बोट सुटेल का?
तुरीने खिडकीबाहेर पाहिलं, जिथे काहीच नव्हतं,
आणि म्हणाली, "कान्स्का."
ह्याला भाषांतर लागलं नाही.
आमच्याकडे म्हणतात, बघू.

"बुकिंग दोघींचं होतं," तिने बटाटे सोलता सोलता विचारलं,
मान वर न करता.
मी हो म्हटलं.
पुढचं काही बोलले नाही,
तिनेही सुरी थांबवली नाही,
फक्त एक बटाटा माझ्याकडे सरकवला, आणि दुसरी सुरी.

दुपारी खोलीत गेले तर
चादर बदललेली होती, पाण्याचा तांब्या भरलेला,
दोन्ही उश्या जागेवर.
बाहेर कुठेतरी, धुक्याच्या आत,
तो मुलगा पुन्हा चेंडू मारत होता.