लेबल

अजब बंगल्याच्या मागच्या खोलीत
मे महिन्यात कूलर नुसता खडखडतो.
काचेआड अंदमानची मोरघार,
पोटात कापूस, एक डोळा पिवळा,
दुसरा कुणीतरी नंतर बसवलेला.

निनावेकाका जुनं लेबल सोलतात
ब्लेडनं, उकडल्या बटाट्याच्या सालीसारखं.
खाली आणखी एक. त्याच्याही खाली एक:
त्यात ती इकडच्याच मोरघारीची पोटजात,
पुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह.
"आता वेगळी जात धरतेत हिची," काका म्हणतात,
"आन् धोक्यातली. दोन्ही एकदमच."

बेटावर ती तेव्हाही सरडेच धरत होती.

गोळीबार चौकात, काकांच्या घरी,
आजोबांचा शाळेचा दाखला
साडीच्या दुकानाच्या पिशवीत जपलेला.
रकान्यात मोडीतलं एक अक्षर,
दर सुनावणीला वेगळं वाचलं जाणारं.
पोरीची तारीख पुन्हा पुढं गेली.
हे त्यांनी सांगितलं नाही,
मी फोनवर ऐकलं.

नवं लेबल सुरेख अक्षरात.
शाई फुंकून वाळवतात,
तीन कोपऱ्यांना डिंक लावतात,
चौथा सुटाच.

"काढाले बरं पडते," म्हणतात.