विंचू

चपलेच्या दोन थरांमध्ये एक बी दडवून शिवतात,
तिला विंचू म्हणतात.
हा विंचू चावत नाही, करकरतो.
माणूस येतोय, हे माणसाच्या आधी सांगतो.

पूर ओसरला आणि माझ्या पावलांचा आवाज गेला.
फरशीवर नाही, चिखलात नाही,
उसाच्या पाचटातसुद्धा नाही.
भाकरी थापता थापता आई मागे वळायची
आणि मला बघून दचकायची.
दर वेळी.
(कबड्डीत मात्र फायदा झाला, तेही सांगायला हवं.
चिखलीची पोरगी कुठून आत शिरली
शिंगणापूरच्या पोरींना शेवटपर्यंत कळलं नाही.)

सुभाषनगरात सातपुते मामांनी
तीन जोड करून दिले. तिन्ही मुके.
चौथ्याला त्यांनी रापी खाली ठेवली.
"कातड्यात खोट न्हाई, प्रणोती.
तुझा आवाज नदीत ऱ्हायलाय.
अवसेला जा, पुलाखाली.
चपला हातात घे."

पंचगंगेच्या तळाशी बाजार भरतो.
पुरानं नेलेलं सगळं तिथं मांडलेलं:
पितळी हंड्यांचा ठणठणाट, बालवाडीची घंटा,
कुणाच्या तरी लग्नातली अर्धी सनई.
म्हातारी कासवीण तागडी घेऊन बसली होती,
पाठीवर शेवाळ, नाकात चमकी.
माझी पावलं एका गाडग्यात होती.
झाकण हललं तशी मी ओळखली.

"पैसे घेत नाही मी.
जे कुणाला बोलली नाहीस, ते घाल पारड्यात."

मी तोंड उघडलं. पाणी आत आलं.
मिटलं.
वर पुलावरून उसाचा ट्रॅक्टर कारखान्याकडे गेला,
त्याची थरथर तळापर्यंत पोचली.
मग बोलले.

गोठ्यात रेडी बांधलेली राहिली होती.
अवधूत दारात उभा, पाणी पोटरीला.
मीच म्हणाले होते:
"जा की. सोड तिला."

रेडी पोहत आली.

पारडं खाली गेलं, अजून खाली, गाळात रुतलं.
कासविणीनं ते उचलून तिरकं धरलं, निथळू दिलं.
कितीतरी वेळ निथळत होतं.
"अख्ख्या नदीचं वजन तू आपल्या नावावर घातलं होतंस," ती म्हणाली.
"आता बघ."
पारड्यात चार शब्द उरले होते,
कुडकुडणारे,
चौदा वर्षांच्या पोरीचे.

"आणि अवधूत?"
तिनं तागडी पुसली, उगाचच.
"माणसं इथं नसतात, बाळ. आवाज असतात.
त्याचा तुझ्या डाव्या पावलाला धरून बसलाय.
सोडवू?"

बाजारात कुठंतरी अर्धी सनई परत सुरू झाली,
परत अर्ध्यावर थांबली.
"नको," मी म्हटलं. "डावं राहू दे त्याच्याकडं."

सातपुते मामांनी चौथा जोड शिवला.
उजवी करकरते, डावी नाही.
त्यांनी दोनदा उसवली, दोनदा शिवली,
बी दाताखाली धरून तपासली.
मामा, असू दे, म्हटलं.
घरी काही सांगितलं नव्हतं, सांगणार तरी काय.

दार लोटलं तेव्हा उशीर झाला होता.
कर्र. मग काही नाही. कर्र. मग काही नाही.
आई शेगडीपाशी पाठमोरी होती.
ती वळली नाही.
"आलीस व्हय?" म्हणाली,
"हात धू. भाकरी गरम हाय."