श्वासागणिक

मिरजेत, स्टेशनमागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
सकाळी सातला मी आधी यंत्राला श्वास शिकवतो.
तीन लिटरची पिचकारी. ओढ, ढकल. ओढ, ढकल.
मग त्याला खोलीतली हवा दाखवतो :
वीस पूर्णांक नऊ. ही सगळ्यांची.
इथून पुढं ज्याची त्याची.

नफिसा नदाफ, वय एकोणीस, वजन शेहेचाळीस,
गाव कवठेमहांकाळच्या पलीकडं.
पाच हजार मीटर. दंडोबाचा चढ रोज पळते म्हणे.
उजवा बूट अंगठ्याशी शिवलेला.
मुखवटा बांधताना म्हणाली, "सर, ह्याला दवाखान्याचा वास येतोय."
म्हटलं, आता बोलायचं नाही.
अंगठा वर म्हणजे चालू दे,
पंजा पसरलास की थांबवीन.

पट्टा फिरतो.
पडद्यावर एका श्वासाचा एक ठिपका,
शेजारच्याला लागून एकही नाही,
सुपातनं उडालेल्या ज्वारीगत.
हा खाली पडला : तिनं आवंढा गिळला.
हा भलताच वर : खाली दुकानाचं शटर धाडकन उघडलं.

स्टुलावर तिचे वडील. गाद्या भरतात.
तीस वर्षं कापूस पिंजलाय,
भुवईत एक तंतू अजून अडकलेला.
चौदाव्या मिनिटाला माझं लक्ष गेलं,
ते तिच्याबरोबर श्वास घेत होते.
तोंड उघडं, खांदे वर, खाली, वर,
मागं पडत होते,
खोकला दाबून पुन्हा गाठू बघत होते.
त्यांच्या तोंडाला नळी नव्हती.

पंजा पसरला.
अठ्ठावन्न पूर्णांक चार.
"किलोत का?" वडिलांनी विचारलं.
मिलिलिटर, म्हटलं. दर मिनिटाला, दर किलोमागं.
"म्हणजे वजनावरच की. कापसासारखं."

दोघं आवरत होती तोवर अहवालाला बसलो.
संगणक विचारतो, विसंगत श्वास काढायचे?
मी नेहमीच हो म्हणतो. पंधरा श्वासांची सरासरी,
गुळगुळीत रेघ, कोचला तीच लागते.
आवंढा गेला. शटर गेलं.
चौदाव्या मिनिटात एक फार लांब श्वास होता,
तेव्हा तिनं मान वळवून स्टुलाकडं बघितलेलं.
बोट जरा थांबलं.
काढला. नियम आहे.

जिन्यात वडील दोनदा टेकले.
तीन पायऱ्या खाली ती,
बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत,
जणू तिलाच वेळ लागतोय.