मोजणी

सावद्याला, बसस्टँडमागच्या दुकानात
मी बोअरच्या मोटारीत तांब्याची तार भरतो.
एका खाचेत अठ्ठावन्न वेढे.
कमी पडला तर मोटार तापते,
जास्त झाला तर मावत नाही.

सत्तेचाळिसाव्याला लीलाधर फिरके येतो :
दोन मिन्टाचं काम हाये, भो, कुलर बघून दे.
मी जातो.
परत येतो तर आकडा गेलेला.
तार उलगडतो. एक. दोन.

बावीस वर्षं मी असा पुन्हा एकपासून.
कोणाच्या मांडवाची लाइट, कोणाच्या मेहुण्याचं मीटर,
रात्री दोनला थ्री फेज आली की
केळीच्या शिवारातून फोन.
घरी झाकलेलं ताट, गार बट्ट्या,
आणि कुमुदची पाठ.

यंदा मे महिन्यात, पारा सेहेचाळीसवर,
एकोणपन्नासाव्याला तो पुन्हा दारात.
तोंड उघडलं असतं तर आकडा सांडला असता,
म्हणून नुसती मान हलवली.
आडवी.

पन्नास.
"रागावला का रे, भो?"
एक्कावन्न.
मग चपलांचा आवाज, लांब जाणारा,
आणि माझ्या छातीत उगाच धडधड,
जसं मी त्याच्या बागेचं पाणीच तोडलं.

अठ्ठावन्न. गाठ.

संध्याकाळी कळलं,
कुलरची पिन ढिली होती,
त्याच्या पोरीनेच दाबून बसवली.

मी शटर ओढलं, उजेडातच घरी गेलो,
दोन वर्षं करकरणारा आमचा पंखा उतरवला.
कुमुद स्टूल धरून उभी राहिली.
काही बोलली नाही.
मोजत असावी.