तीन इंच

शनिवारी बंबखान्याच्या हॉलमध्ये जेवण आहे,
वेंडल ट्रूइटच्या मानाचं. समितीने मला कागद दिलाय:
मासळीच्या धंद्यात एकावन्न वर्षं,
शाळेच्या बोटीवर एकोणीस,
बंबावर किती, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.
चार शब्द बोल, म्हणाले.

शब्द शोधायला खिशात हात घालतो
तर लागते ती पितळेची पट्टी,
बोट माझ्याकडे आली त्या दिवशी त्याने दिलेली.
लांब चिमट्याने कालवं वर यायची,
फळीवर चिखलासकट ओतायची,
आणि तो एकेक लावून बघायचा.
तीन इंच भरलं तर टोपलीत, नाही तर परत पाण्यात.
"भूक असली की डोळ्यांना सगळंच मोठं दिसतं,
म्हणून पट्टी."

आम्ही सातवीतली मुलं, नारिंगी जॅकेटं,
निम्मी ओकत होतो चेसापीकच्या त्या करड्या सकाळी.
त्याने खेकडीचा मागचा चपटा पाय उजेडात धरला.
कडेला रेघ पांढरी, तर दोन आठवडे.
गुलाबी, तर एक. लाल झाली
की परवा-तेरवा ही कवच सोडणार.
"तेव्हा हिच्याजवळ मोठ्याने बोलायचं नाही."
धक्क्याला लागेपर्यंत आम्ही कुजबुजत होतो.

तळ कसा ओळखायचा, मी विचारलं.
चिमट्याचा दांडा त्याने माझ्या कानाला टेकवला.
वाळू सरसरते.
कालवांचा थर खडखडतो.
चिखल काही म्हणत नाही.
"हल्ली हेच जास्त ऐकू येतं," म्हणाला,
आणि इंजिन चालू केलं.

मग हॉटेलांच्या मागच्या दारातून रिकाम्या शिंपा,
वास मारणाऱ्या, त्याच्या पिकअपमधून
आम्हीच पोरांनी त्या चिखलावर ओतल्या.
पुराच्या रात्री ओपल मेसिकला त्याने
स्वयंपाकघराच्या खिडकीतून होडीत घेतलं,
आणि तिच्या हट्टापायी शिलाई मशीनही.

पोहता आल्याशिवाय कुणाला बोटीवर घ्यायचा नाही.
गावच्या तलावाच्या काठावर
टॉवेल घेऊन उभा असायचा, बूट घातलेला,
ओरडत, "पाय मार, पाय!"

काल त्याच्या बायकोला, लिओटाला, विचारायला गेलो,
अजून काय सांगू?
ती वाटाणे सोलत होती.
"त्याला पोहता येत नाही," म्हणाली. "कधीच नव्हतं येत."

रात्री भाषण लिहून काढलं.
तेवढं एक वाक्य
पट्टीला लावून पाहिलं. भरत होतं,
चांगलं साडेतीन.
तरी परत सोडलं.