बाटली क्रमांक सतरा

भूगोंडा तात्या, रुकडीचे.
बारा वर्षं खाजवून पोटऱ्यांचं पायताण झालेलं.
"रात्री खराखरा ऐकून म्हस उठती," म्हणाले.

कोल्हापूरच्या ओपीडीत मी बाटली दिली.
आत औषध आहे की नुसता द्रावक,
मलाही ठाऊक नाही. तसाच नियम.

आठवड्यानं राजमतीकाकू सोबत, चिडलेल्या:
"चातुर्मासात कुठं खाऊन येत्यात, इचारा!
तोंडाला लसणाचा वास."
तात्यांनी कानाची पाळी धरली,
"बस्तीची आण, शिवला न्हाई."

द्रावक कातडीतून शिरतो,
रक्तातून श्वासात निघतो,
वास त्याचा, मी सांगितलं.
काकूंनी झाकण उघडून हुंगलं.
"मग व्रत मोडलं का?"

फॉर्मवर त्याला रकाना नव्हता.
लिहिलं: खाज कमी. झोप पाच तास.
म्हशीचं विचारायचं राहिलं.