बोटुकली

मासोझीच्या रजिस्टरात रकाने चारच.
घर क्रमांक. माणसं. मच्छरदाण्या. टांगल्या की नाही.
सायकल झाडाला टेकवायची,
दारातूनच विचारायचं,
आणि पुढच्या घराकडे निघायचं.

पावसाळ्याआधी कलोवात तिने एकशे बावन्न वाटल्या.
निळ्या, कोऱ्या, औषधाचा उग्र वास असलेल्या.
प्रत्येकीमागे एक अंगठा,
एक आशीर्वाद,
आणि कुठे कुठे उकडलेल्या कसावाचा तुकडा,
नको म्हटलं तर माणसं रुसतात.

महिन्याने मोजायला गेली
तर बिछान्यांवर नुसते खिळे.
"धुवायला टाकलीय."
"सासू घेऊन गेली."
"उंदरांनी खाल्ली, ताई."
एवढ्याशा गावात उंदीर तरी किती!
मासोझी हसली नाही. लिहीत गेली,
नाही. नाही. नाही.

काठावर सापडल्या सगळ्या.
तीस-तीस एकत्र शिवलेल्या,
बायका कमरेइतक्या पाण्यात, दोन टोकं धरून
सरोवराचा तळ खरवडून आणत होत्या.
ज्या जाळीतून डास निसटत नाही
तिच्यातून बोटुकली कशी निसटावी?

ताफ्वाची पुढे आली, ओली, चिडलेली.
तिच्याच धाकट्याचं बोट मासोझीने टोचलं होतं
हिवतापाच्या तपासणीला, गेल्या मार्चमध्ये.
"ताप येतो वर्षातून चार महिने," ती म्हणाली,
"भूक बाराही महिने घरातच असते.
तू दिलीस ना जाळी? मग ती आमची झाली."

मासोझीला उत्तर सुचलं नाही.
प्रशिक्षणात एक चित्र दाखवलं होतं,
निजलेलं बाळ, वर जाळी, कोपऱ्यात चंद्र.
चित्रात सरोवर नव्हतं.
चूलही नव्हती.

मग तिने पिशवीतून ताणकाटा काढला,
बाळं तोलायचा.
मासे वाळवायच्या मांडवाला अडकवला,
झोळीत ओतली सकाळची सगळी ओढ.
"आता माशांनाही लस टोचणार का?"
बायका पाण्यात बसकण मारून हसल्या.

दोन किलो, शंभर ग्रॅम.
त्यातली एक मूठ तिने ताटलीत मोजली,
दोनशे अकरा.
नखाएवढी शरीरं, त्यांना डोळेच तेवढे मोठे.

"आणि मोठा चांबो केवढा असायचा?"
म्हाताऱ्या एन्यामकोने कोपरापासून मनगटापर्यंत हात दाखवला,
मग जरा थांबून बोटांपर्यंत.
"माझ्या लग्नात."

मासोझीने वाढीचा कोरा तक्ता काढला,
तोच, जो प्रत्येक आई ट्रंकेत तळाशी जपते.
एन्यामकोच्या लग्नाचा एक ठिपका,
ताफ्वाचीच्या लग्नाचा एक,
आणि आजचा, लाल पट्ट्याच्याही खाली.
तिन्ही जोडले.

कुणी काही बोललं नाही.
अक्षर कुणाला येवो न येवो,
ती रेघ सगळ्यांना वाचता येते.
खाली जाणाऱ्या रेघेसमोर
रात्रभर जागलेल्या बायका होत्या त्या.

सगळं बदललं असं नाही.
त्या आठवड्यात बारा मच्छरदाण्या खिळ्यांवर परतल्या,
पुढच्यात नऊ, त्यातल्या दोन पुन्हा गेल्या.
नदीच्या मुखाशी, लव्हाळ्यात,
जिथे मासे अंडी घालतात,
तिथे जाळं टाकायचं नाही असं बायकांनीच ठरवलं.
रात्री कुणीतरी टाकतं.
पाण्याचा आवाज मासोझीला ओळखू येतो,
ती कूस बदलते. सकाळी त्या घरी जाऊन बसते,
ओरडत नाही, नुसती बसते.

रजिस्टरात तिने पाचवा रकाना आखला,
एका मुठीत किती.
जिल्ह्याच्या साहेबांनी लाल शाईने खोडला.
"हे आपलं खातं नाही."
पुढच्या महिन्यात तिने तो पुन्हा आखला,
पेन्सिलीने, जरा बारीक.

एकशे ऐंशी.
एकशे त्र्याण्णव. वाईट महिना.
एकशे चौदा.

ताफ्वाचीचा धाकटा मच्छरदाणीत झोपतो.
दोनदा धुतली तरी
तिला अजून माशांचा वास येतो.